गोव्यातून चित्रपट करायचा आणि विकायचाही: छोट्या निर्मितीसंस्थेच्या वाढीचा हिशेब

निर्मितीसंस्था किती मोठी झाली हे तिने किती चित्रपट केले यावरून मोजायची आपल्याकडे सवय आहे. धंद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो: आज सकाळी एखादा खरेदीदार दारात आला, तर त्याला स्वच्छ कागदांसकट विकता येतील असे किती हक्क संस्थेकडे आहेत? चार चित्रपट करूनही हे उत्तर शून्य असू शकतं. एकच चित्रपट केलेल्या संस्थेकडे दहा-बारा प्रदेशांचे, विमानांत दाखवण्याचे, टीव्हीचे आणि रिमेकचे हक्क शाबूत असू शकतात. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

गोव्याला इथे एक सोय आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत होतो आणि त्याच वर्षी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही राज्याची चित्रपटविषयक संस्था स्थापन झाली. २००७ पासून एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा मेळावाही, इथेच भरतो, आता तो वेव्हज फिल्म बाजार या नावाने. बर्लिन किंवा कानच्या महोत्सवाला जाऊन ज्या विक्री-एजंटच्या (निर्मात्याच्या वतीने परदेशात हक्क विकणाऱ्याच्या) अर्ध्या तासासाठी लाखभराचं तिकीट काढावं लागतं, तो नोव्हेंबरात पणजीत असतो. तरीही त्याचा फायदा तयारी असलेल्यालाच होतो.

संस्था कशी उभी करायची

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की प्रायव्हेट लिमिटेड, हा पहिला प्रश्न. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीला ऑडिट सक्तीचं नाही. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून करावंच लागतं. पण एलएलपीला शेअर देता येत नाहीत, आणि संस्थेतच पैसे घालू पाहणारा गुंतवणूकदार शेअर मागतो. आमचं मत असं: मूळ संस्था प्रायव्हेट लिमिटेड असावी. बाहेरचा पैसा येईल त्या चित्रपटापुरती वेगळी एलएलपी काढावी. छोट्या चित्रपटाला किमान वेगळं बँक खातं तरी हवंच. एका चित्रपटाचं कर्ज दुसऱ्याच्या उत्पन्नातून फिटायला लागलं, की तीन वर्षांनी कुणाचे किती हे सीएलाही सांगता येत नाही.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, म्हणून अनेकजण नोंदणी लांबवतात. ते महागात पडतं. कॅमेऱ्याचं भाडं, स्टुडिओ, पोस्ट-प्रॉडक्शन या सगळ्यावर १८ टक्के कर भरलेला असतो. नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, खर्चातच मुरतो. हक्कांच्या विक्रीवरही १८ टक्केच कर आहे, म्हणजे भरलेला कर वळता करून घ्यायला जागा आहे. पहिलं मोठं बिल यायच्या आधी स्वेच्छेने नोंदणी करा.

पहिली दोन-तीन वर्षं पोट भरेल ते लाइन प्रॉडक्शनवर, म्हणजे दुसऱ्यांच्या शूटिंगची स्थानिक व्यवस्था पाहण्यावर. ऑक्टोबर ते मे मुंबई, हैदराबाद, चेन्नईची युनिटं गोव्यात येत असतात. त्यांची हॉटेलं, गाड्या, परवानग्या आणि स्थानिक माणसं सांभाळायची. यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे हॉटेल आणि वाहतुकीचे सगळे पैसे आपल्या बिलातून गेले की उलाढाल फुगते आणि पूर्ण रकमेवर जीएसटी बसतो. त्यासाठी करारात ‘प्युअर एजंट’ची तरतूद घाला. पुरवठादाराचं बिल युनिटच्या वतीने भरलेलं दिसलं पाहिजे आणि आपल्या बिलात ती रक्कम वेगळ्या ओळीत, जशीच्या तशी, आपला नफा न चढवता यायला हवी. दुसरी गोष्ट वसुलीची. ५० टक्के आगाऊ घ्या, बाकी दर आठवड्याच्या खर्चपत्रकावर, आणि शेवटचा हप्ता पॅक-अपच्या आदल्या दिवशी. युनिटच्या गाड्या राज्याच्या सीमेवरचं पत्रादेवी किंवा पोळें ओलांडून गेल्या, की त्या पैशासाठी फोन करत बसण्याखेरीज हातात काही राहत नाही. तिसरी गोष्ट सवयीची: हंगामाच्या कामात स्वतःचा चित्रपट दर वर्षी पुढे ढकलला जातो. पावसाळ्याचे चार महिने युनिटं कमी असतात. ते लेखन, करार आणि अर्जांसाठी राखून ठेवा. नोव्हेंबरच्या बाजाराचे अर्जही पावसाळ्यातच भरायचे असतात.

हक्कांची साखळी

चित्रपट विकताना खरेदीदाराचा वकील सर्वांत आधी ‘चेन ऑफ टायटल’ मागतो: कथेपासून अंतिम चित्रपटापर्यंत प्रत्येक हक्क निर्मात्याकडे कसा आला, त्याचे सलग कागद. त्यातला एक कागद नसला की सौदा थांबतो, आणि तो कागद मागाहून मिळवताना देणारा त्याची किंमत लावतो.

भारतीय कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. पटकथा मात्र लेखकाची असते. लेखक तुमचा पगारी नोकर नसेल, तर लेखी हस्तांतराशिवाय ती तुमची होत नाही. हस्तांतराच्या करारात कलम १९ कडे लक्ष द्या. कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर फक्त भारतापुरतं धरलं जातं. वेगळं काही ठरलं नसेल, तर घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो आपोआप संपतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या दोन पानी नमुन्यात या तीनही गोष्टी बहुधा नसतात. म्हणजे असा करार करून पाच वर्षांनी फ्रान्सला चित्रपट विकायला निघालेल्या निर्मात्याकडे फ्रान्सचा हक्क कधी नव्हताच, आणि भारताचाही संपलेला असतो. म्हणून करारात शब्द हवेत: ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, कलम १९(४) लागू न करता’. माध्यमंही एकेक नाव घेऊन लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं ते स्पष्ट उल्लेखाशिवाय हस्तांतरित होत नाही. त्याच दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हिस्सा गीतकार, संगीतकार आणि लेखकाला सोडून देता येत नाही. ‘सर्व रॉयल्टी माफ’ असं कलम घातलं तरी ते टिकणार नाही.

कादंबरी किंवा नाटकावरून करायचं असेल तर आधी ऑप्शन करार करा, म्हणजे थोडी रक्कम देऊन हक्क ठरावीक काळ राखून ठेवा. ठरलेल्या किमतीच्या पाच ते दहा टक्के देऊन १८ महिने, आणि तेवढ्याच मुदतीच्या एका वाढीची सोय, असा प्रघात आहे. लेखक हयात नसेल तर कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे असतो. वारस पाच असतील तर सह्याही पाच.

कलाकारांच्या बाबतीत गोव्यात हमखास ढिलाई होते. जत्रेच्या नाटकांत वर्षानुवर्षं कामं करणारी मंडळी ओळखीची असतात, मानधन पाकिटातून दिलं जातं, सही घ्यायचं कुणाला सुचत नाही. गर्दीत उभ्या असलेल्यांसकट प्रत्येकाची लेखी संमती घ्या. मराठीत किंवा कोंकणीत, एका पानाची. बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि त्याच्या कमाईच्या किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते.

घराचंही तसंच. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे जुन्या घराचे वारस अनेक असतात आणि नवरा-बायकोचा हिस्सा सामाईक असतो. एका भावाने चहा पाजून होकार दिला म्हणून सेट लावायचा नाही. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी मडगावहून दुसरा भाऊ येऊन काम बंद पाडतो आणि त्याच्या बाजूने कायदाही असतो. घराची एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा सर्व्हे उतारा) किंवा मालकीचा उतारा पाहा, नावं मोजा, तेवढ्या सह्या घ्या. जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर परवानगी तिच्याकडूनच.

पैसा कुठून, कोणत्या क्रमाने

पैसा चार ठिकाणांहून येतो: अनुदान, सहनिर्मिती, खासगी गुंतवणूक आणि आगाऊ विक्री. गोव्यात राज्याची चित्रपट अर्थसाहाय्य योजना आहे. तिचे अर्ज मागवले जातात तेव्हा कागद तयार असलेल्यालाच ते वेळेत भरता येतात. परदेशी बाजूने रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडासारखे निधी भारतीय प्रकल्पांसाठी खुले राहिले आहेत. त्यातल्या काहींना त्या देशातला सहनिर्माता लागतो. भारताचे सहनिर्मितीचे करार फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, कॅनडा यांच्याशी आहेत, तसेच पोर्तुगालशीही. गोव्याच्या कथांना शेवटचा करार सर्वांत जवळचा, पण इथले निर्माते त्याकडे फारसे वळत नाहीत.

सहनिर्माता मिळवण्याची जागा म्हणजे फिल्म बाजारचा को-प्रॉडक्शन मार्केट विभाग. चित्रपटाचा रफ कट (पहिलं कच्चं संकलन) तयार असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब, आणि पूर्ण झालेल्या किंवा शेवटचा पैसा हवा असलेल्या चित्रपटासाठी व्ह्यूइंग रूम. अर्जाच्या फाइलीत दहा ओळींचा सारांश, दिग्दर्शकाचं एक पान, एका पानाचं बजेट आणि वित्ताचा आराखडा असतो. या शेवटच्या कागदावर बहुतेकजण आपटतात. एक कोटीच्या बजेटात ‘गुंतवणूकदार: १ कोटी, बोलणी सुरू’ असं लिहिलं की समोरचा पान उलटतो. ‘स्वतःची सेवा आणि मानधन थकीत: १२ लाख, खासगी, करार झाला: ३० लाख, अनुदानाचा अर्ज: २० लाख, हवेत: ३८ लाख’ असं लिहिलं की बोलणी सुरू होतात. स्वतःचा हिस्सा आधी दाखवा.

गुंतवणूकदाराशी करार करताना ‘नफा’ शब्दाची व्याख्या लिहा. पैसे कोणत्या क्रमाने वाटले जातील ते ओळीने मांडा: विक्री-एजंटचं कमिशन, विक्रीचा खर्च, मग गुंतवणूकदाराची मूळ रक्कम अधिक १० ते २० टक्के, मग थकलेली मानधनं, आणि त्यानंतर उरेल तो नफा, बहुधा निम्मा-निम्मा. हा क्रम लिहिलेला नसेल तर पहिली रक्कम आली की भांडण लागतं. रक्कम किती लहान आहे याने काही फरक पडत नाही.

बजेटात चार ओळी बाकी कशासाठीही कमी करू नका. एक कोटीच्या चित्रपटात अनपेक्षित खर्चाला १०, पोस्टला १८ ते २०, डिलिव्हरी आणि कायदेशीर कागदांना ४ ते ५, महोत्सव व विक्रीच्या तयारीला ५ लाख. शूटिंग वाढलं की शेवटच्या दोन ओळींतून पैसे उचलले जातात, आणि मग चित्रपट पूर्ण होतो पण विकण्याजोगा होत नाही.

शूटिंग, थोडक्यात

परवानग्यांसाठी एंटरटेनमेंट सोसायटीकडे अर्ज करा. त्यापलीकडे जुन्या गोव्यातल्या संरक्षित चर्चसाठी पुरातत्त्व खातं, नदी आणि बोटींसाठी बंदर कप्तान, अभयारण्यासाठी वन खातं, जनावर असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची पूर्वपरवानगी, आणि गावात पंचायत. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा बघा; दाबोळीचा तळ नौदलाचा आहे आणि उत्तरेला मोपा विमानतळ आहे, त्यामुळे मोकळी वाटणारी जागाही लाल, म्हणजे बंदीच्या पट्ट्यात निघते. २० डिसेंबर ते ५ जानेवारी किनारपट्टीत शूटिंग ठेवू नका: हॉटेलचे दर आणि रस्त्यावरची गर्दी, दोन्ही हाताबाहेर असतात.

डिलिव्हरी: चित्रपट इथे अडतो

सौदा झाला की खरेदीदार डिलिव्हरीची यादी पाठवतो. दोन-के डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत), प्रोरेस ४२२ एचक्यू मास्टर (उच्च दर्जाची मूळ व्हिडिओ फाइल), मजकूरविरहित फ्रेमा, ५.१ आणि स्टिरिओ मिक्स, एम अँड ई ट्रॅक (संवादाविना संगीत आणि आवाज), वेळेसकट संवादयादी, इंग्रजी उपशीर्षकांची एसआरटी फाइल, संगीताची क्यू शीट (कोणतं संगीत कुठे वाजतं त्याची यादी), ट्रेलर, किमान वीस-पंचवीस मोठी छायाचित्रं आणि चेन ऑफ टायटलचे कागद. यादी माहीत असेल तर यातलं बरंचसं शूटिंगच्या वेळीच फुकटात तयार होतं. सहा महिन्यांनी करायला गेलं तर लाखांत जातं.

एम अँड ई चं उदाहरण घ्या. डबिंगसाठी परदेशी वाहिनीला संवाद सोडून बाकी सगळा आवाज हवा असतो. समजा दृश्यात आई आणि मुलगा पडवीत बोलताहेत आणि मागून पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत सायकलवरून जातो. सिंक साउंडमध्ये (शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड केला तर) भोंगा आणि संवाद एकाच ट्रॅकवर पडतात. संवाद काढला की भोंगाही जातो, सायकलची खडखड जाते, पावलं आणि ताटाचा आवाजही जातो. पडद्यावर पोदेर दिसतो पण मुका. वाहिनीचा तंत्रज्ञ तो ट्रॅक नापास करून परत पाठवतो. उपाय शूटिंगच्या दिवशीच आहे. प्रत्येक दृश्यानंतर कलाकार गप्प असताना मिनिटभर खोलीचा आवाज, आणि भोंगा, सायकल, ताट, दार यांचे वेगळे वाइल्ड ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय घेतलेले आवाज. दिवसाला वीस मिनिटं लागतात. साउंड रेकॉर्डिस्टला ती मिळावीत म्हणून सहायक दिग्दर्शकाच्या वेळापत्रकात तशी ओळच घाला, नाहीतर पॅक-अपच्या घाईत ती मिळत नाहीत.

दुसरा नेहमीचा घोळ मागे वाजणाऱ्या गाण्याचा. ताव्हेर्नात (दारूच्या गुत्त्यात) रेडिओवर जुनं गाणं चालू आहे आणि कॅमेरा फिरतोय. ते गाणं आता तुमच्या चित्रपटात आलं. त्याच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असतात, दोन्ही लागतात. मांडो (गोव्याचं पारंपरिक कोंकणी गीत) जुना असेल तरी तुम्ही वापरलेलं ध्वनिमुद्रण कुणाचंतरी असतं. गायक बोलावून स्वतः रेकॉर्ड करा आणि त्यांची सही घ्या. ‘फक्त महोत्सवांपुरती’ परवानगी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. चित्रपट विकला गेला की तोच हक्कदार त्याच गाण्याची कैक पट किंमत सांगतो आणि तोपर्यंत गाणं काढणं शक्य नसतं.

तिसरा घोळ फक्त भारतात होतो. पात्र सिगारेट ओढत असेल तर त्या वेळी पडद्यावर इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य-संदेश लागतात. फेणीचा पेला दिसला की दारूचाही इशारा येतो. हे सगळं चित्रातच कायमचं बसवलेली एकच मास्टर असेल, तर परदेशी महोत्सवात तीच जाते आणि विचित्र दिसते. भारतीय प्रदर्शनाची आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन मास्टर पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

फ्रेम रेट २४ ठेवा. २५ वर चित्रित केलेला चित्रपट डीसीपीला २४ करताना सुमारे चार टक्क्यांनी लांबतो, आवाज पुन्हा बसवावा लागतो आणि उपशीर्षकांच्या वेळा नव्याने लावाव्या लागतात. महोत्सवांना डीसीपी शक्यतो कुलूप न लावता द्या. कुलूप लावलंच तर केडीएमची (ते उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची) मुदत स्थानिक वेळेनुसार आणि आदल्या दिवशीच्या तालमीसकट मागा. खेळ सुरू व्हायच्या वेळी किल्ली चालत नाही असा फोन येतो, तेव्हा बहुतेकदा वेळेच्या फरकाचाच गोंधळ निघतो.

साठवण: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक गोव्याबाहेर. हार्ड डिस्क गोव्याच्या दमट हवेत कपाटात ठेवून विसरायची वस्तू नव्हे. सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी चालवून बघा. मूळ फुटेज आणि अंतिम मास्टर एलटीओ टेपवर (दीर्घकाळ साठवणुकीच्या चुंबकीय फितीवर) घ्या. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा कॉपी चालू असलेली डिस्कच नेमकी बिघडते, म्हणून यूपीएसशिवाय कॉपी लावायची नाही.

सेन्सॉर आणि भारतातलं प्रदर्शन

प्रमाणपत्राचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो, गोव्यासाठी कार्यालय मुंबईचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए ची ७, १३ आणि १६ अशी वयाची विभागणी आहे आणि प्रमाणपत्राला मुदत राहिलेली नाही. प्रमाणपत्रानंतर एक शॉट जरी बदलला तरी पुन्हा मंजुरी लागते, तेव्हा अंतिम मिक्स झाल्याशिवाय अर्ज करू नका. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्राचं कॅलेंडर वर्ष धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं प्रमाणपत्र आणि जानेवारीतलं यांत एका वर्षाचा फरक पडतो.

चित्रपटगृहाचा हिशेब एका तिकिटावर पाहा. २०० रुपयांचं तिकीट, त्यात १८ टक्के जीएसटी. कर काढून १६९ रुपये ४९ पैसे उरतात. मल्टिप्लेक्समध्ये वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात साधारण ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. पहिल्या आठवड्यात हातात येतात ८४.७५. वितरक कमिशनवर असेल आणि त्याचे १५ टक्के धरले तर ७२ रुपये. त्यातून जाहिरात आणि डिजिटल प्रोजेक्शनचा खर्च वजा. म्हणजे प्रदर्शनावर खर्च केलेले १० लाख परत यायलाच पहिल्या आठवड्यात जवळपास १४ हजार प्रेक्षक हवेत. गोव्यातल्या मूठभर पडद्यांवर हा आकडा गाठणं कठीण आहे, मग चित्रपट मराठी असो की कोंकणी.

म्हणून नाटकवाल्यांचा जुना मार्ग धरा: पूर्ण खेळ ठरलेल्या रकमेला कंत्राटावर देणे. मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा इथली रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव कला मंदिर, आणि गावोगावची मंडळं व देवस्थान समित्या. तिकीटविक्रीचा धोका कंत्राटदाराचा, तुम्ही चित्रपट, प्रोजेक्शन आणि दोन पोस्टर घेऊन जाता. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन आवाज तपासा. नाटकाच्या सभागृहात मधला स्पीकर नसतो आणि ५.१ चा संवाद नेमका तिथून येतो, तेव्हा स्टिरिओ प्रत जवळ ठेवा. खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच. हेच गणित आखातात, इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गोवेकरांच्या वस्तीत आणि परदेशी मराठी मंडळांत चालतं. पण थांबा: हे खेळ आधी झाले तर महोत्सवातला प्रीमियर गेला.

महोत्सव आणि एजंट

मोठा महोत्सव जागतिक प्रीमियर मागतो. तेव्हा क्रम उलटा करता येत नाही: आधी परदेश, मग भारतातले महोत्सव, मग चित्रपटगृह, मग ओटीटी. जानेवारीअखेर रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्ट-सप्टेंबरात व्हेनिस आणि टोरंटो. यातल्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करून उत्तर येईपर्यंत बाकी काही दाखवू नका, आणि एका वर्षाहून जास्त वाटही पाहू नका. भाषा लहान आहे म्हणून हा मार्ग बंद असतो असं नाही: २००९ साली टोरंटोत ‘पलतडचो मुनीस’ या कोंकणी चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला होता.

निवड जाहीर झाली की एजंटचे ईमेल येतात. त्यांचं कमिशन २० ते ३० टक्के असतं, पण भाव करायची जागा ती नव्हे. खर्चाची मर्यादा ही आहे. समजा पहिल्या दोन वर्षांत २० लाखांची विक्री झाली. २५ टक्के कमिशन, ५ लाख. करारात विक्रीखर्चाची मर्यादा ६ लाख असेल, तर तुमच्याकडे ९ लाख येतात. मर्यादा नसेल आणि एजंटने स्टॉल, पोस्टर, प्रवास मिळून १५ लाख दाखवले, तर शून्य. मुदतीसाठी ७ वर्षांच्या पुढे जाऊ नका. दोन वर्षांत ठरलेली किमान विक्री झाली नाही तर हक्क परत, अशी अट घाला. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि परदेशी मराठी-कोंकणी मंडळांचे खेळ स्वतःकडे ठेवा, कारण ते एजंट विकणारच नाही. तुम्हाला मात्र जमेल.

दुसऱ्यांचे चित्रपट विकायला घेणे

आपला एखादा चित्रपट स्वतः विकून झाला, की बाजारातले दहा-बारा खरेदीदार ओळखीचे झालेले असतात. एका चित्रपटासाठी त्यांना दर वर्षी भेटणं परवडत नाही, चार-सहा चित्रपटांसाठी परवडतं. निर्मितीसंस्था विक्रीसंस्था होते ती इथे. पहिला पूर्णवेळ माणूस नेमायचा तर संकलक नको, कागद आणि डिलिव्हरी सांभाळणारा हवा.

मग हक्कांची वही लागते. साधी स्प्रेडशीट चालेल, पण एका ओळीत एकच हक्क: चित्रपट, हक्काचा प्रकार, प्रदेश, भाषा, एकमेव की सामाईक, सुरुवात, शेवट, होल्डबॅक, रक्कम, हप्ते, डिलिव्हरीची तारीख, पुढचा अहवाल. होल्डबॅक म्हणजे हा हक्क दिला तरी अमुक तारखेपर्यंत वापरायचा नाही. हा रकाना नसला की घात होतो. एका वितरकाला ‘सर्व नॉन-थिएट्रिकल’ हक्क दिले. त्यात विमान, जहाज, शाळा, वाचनालयं सगळं आलं. वर्षभराने एअरलाइनने चांगला भाव दिला आणि तोही सौदा करून टाकला. आता एकच हक्क दोघांना विकलेला आहे आणि भरपाई तुमच्या खिशातून. ‘नॉन-थिएट्रिकल’ हा शब्द करारात कधीच मोकळा सोडू नका. त्यात काय येतं ते मोजून लिहा.

दुसऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. पहिली दोन वर्षं तिमाही अहवाल द्या, पुढे सहामाही, विक्री शून्य असली तरी. कागद अपुरे असलेला चित्रपट कितीही आवडला तरी घेऊ नका. त्याच्या निर्मात्याला काय कमी आहे त्याची यादी द्या, तो भरून आला तर बघा.

परदेशी पैशाला तीन कागद लागतात; पहिले दोन दर वर्षी एप्रिलमध्येच करून ठेवा. जीएसटी न भरता सेवा निर्यात करण्यासाठी एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र. परदेशी खरेदीदाराने जास्त कर कापू नये म्हणून आयकर खात्याकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट. ते मागवायला वेळ लागतो आणि ते नसेल तर खरेदीदार करारातल्या सवलतीऐवजी पूर्ण दराने कर कापतो. आणि पैसे येतील तेव्हा बँकेकडून प्रत्येक रकमेचं आवक प्रमाणपत्र. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा जुन्या करारांच्या नमुन्यांत लिहिलेले टीडीएसच्या कलमांचे आकडे सीएकडून बदलून घ्या. एप्रिलमध्ये हे कागद कराल त्याच दिवशी हक्कांची वही ‘शेवट’ या रकान्यातल्या तारखांच्या क्रमाने लावा. येत्या १८ महिन्यांत जे हक्क परत येणार आहेत त्यांच्या खरेदीदारांना आत्ताच पत्र टाका: मुदत वाढवायची असेल तर भाव कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे देतो.